‘बिक्वीद’चं मराठी करताना

प्रश्न थोडक्यात असा आहे. ‘ही बिक्वीद्ड हिज हाउस टु हिज नीस’ या इंग्रजी वाक्याचा अनुवाद एका विद्यार्थिनीने ‘त्याने पुतणीला घर वारसाहक्काने दिले’ असा केला. शब्दकोशात ‘बिक्वीद’ (bequeath) या क्रियापदापुढे ‘वारसा देणे’ असंच लिहिलेलं होतं, तरी वर्गात कुणीतरी हरकत घेतली. तेव्हा चूक नेमकी कुठे आहे? आणि माणूस हयात असताना कुणाला काही देतो, तेव्हा हे क्रियापद चालतं का?

हरकत रास्त आहे. मी बरीच वर्षं कायद्याच्या कागदांचे अनुवाद करते आहे आणि मृत्युपत्रांच्या अनुवादात सगळ्यात जास्त खोडलेला शब्द कुठला, असं विचारलंत तर मी ‘वारसा’ हाच सांगेन.

वारसाहक्क नात्यातून येतो. माणूस काही लिहून न ठेवता गेला, तरी कायदा त्याच्या बायकोला, मुलांना, ती नसतील तर पुढच्या नातेवाइकांना ठरलेला वाटा देतो. गेलेल्याची इच्छा काय होती, हे तिथे कुणी विचारत नाही. ‘बिक्वीद’मध्ये सगळा भार त्या इच्छेवरच आहे. त्या माणसाने मृत्युपत्र केलं, त्यात अमुक वस्तू अमक्याला मिळावी असं नोंदवलं, आणि त्या नोंदीमुळे ती त्याला मिळाली. घेणारा शेजारी असेल, मैत्रीण असेल, एखादी शाळा असेल; नात्याची अट नाही. उलट मृत्युपत्र न करता गेलेल्या माणसाने मागे कितीही मोठी इस्टेट ठेवली, तरी त्याने ती ‘बिक्वीद’ केली असं इंग्रजीत म्हणत नाहीत.

आता तुमचं वाक्य पुन्हा वाचा. मराठी वाचकाला वाटेल की पुतणी कायद्याने वारस होती, म्हणून तिला घर मिळालं. मूळ वाक्य सांगतं की ती वारस असो वा नसो, काकाने ते तिला ठरवून दिलं. मालमत्तेच्या दाव्यात नेमका याच फरकावर वाद उभा राहतो. एक पक्ष म्हणतो, आम्ही वारस. दुसरा म्हणतो, आमच्याकडे मृत्युपत्र. अनुवादकाने पहिल्याचा शब्द दुसऱ्याच्या कागदात घातला, तर तो कागदच उलटा बोलायला लागतो.

त्यामुळे साधं, सरळ मराठी हवं: ‘त्याने मृत्युपत्राने आपलं घर पुतणीला दिलं.’

इथेच ‘नीस’बद्दल सांगते. इंग्रजीला भावाची मुलगी आणि बहिणीची मुलगी एकच. मराठीत एक पुतणी, दुसरी भाची. एकट्या वाक्यावरून हे कळायला मार्ग नाही, तेव्हा आजूबाजूचा मजकूर बघायचा. तिथेही काही नसेल तर संबंधितांना विचारायचं. मृत्युपत्रात अंदाजाने नातं लिहायचं नाही.

आता दुसरा प्रश्न, हयातीतल्या देण्याचा. जिवंतपणी हातात दिलं ते इंग्रजीत ‘गिव्ह’, ‘गिफ्ट’, ‘डोनेट’. तिथे ‘बिक्वीद’ चालत नाही. पण मेख अशी आहे की जिवंत माणूससुद्धा ‘आय हॅव बिक्वीद्ड’ असं म्हणू शकतो. म्हणजे त्याने मृत्युपत्र केलेलं आहे, सही झालेली आहे, त्यात तुमचं नाव आहे. वस्तू मात्र अजून त्याचीच. तो ती उद्या विकू शकतो, मृत्युपत्र फाडून नवं करू शकतो. मृत्यूच्या वेळी ती वस्तू त्याच्या मालकीची उरलीच नसेल, तर एरवी तुम्हाला तिच्या जागी काहीही मिळत नाही. आणि घेणारा आधी वारला, तर सर्वसाधारणपणे ते देणं रद्द होतं.

हे मी एका चुकीतून शिकले. सुरुवातीच्या काळात एका आजींनी नातीला लिहिलेलं इंग्रजी पत्र अनुवादासाठी माझ्याकडे आलं होतं. त्यात ‘आय हॅव बिक्वीद्ड द फ्लॅट टु यू’ असं वाक्य होतं. मी लिहिलं, ‘फ्लॅट मी तुझ्या नावावर केला आहे.’ मराठी कानाला अगदी स्वाभाविक वाटणारं वाक्य. नातीने अर्थातच विचारलं, मग कागद कधी पाठवतेस? आजींना वाटलं, मुलगी माझ्या मरणाची वाट बघतेय. गैरसमज उलगडेपर्यंत दोघींमध्ये कित्येक महिने बोलणं नव्हतं. ‘नावावर करणं’ म्हणजे मालकी आजच बदलणं, एवढी एक गोष्ट माझ्या ध्यानात आली असती तर हे टळलं असतं. त्या वाक्याचं मराठी असं व्हायला हवं होतं: ‘माझ्या मागे फ्लॅट तुला मिळावा, असं मी मृत्युपत्रात लिहून ठेवलं आहे.’

त्यातलं ‘माझ्या मागे’ आणि ‘ठेवलं’ हे दोन तुकडे बघा. ‘माझ्या मागे’ म्हटलं की मरणाचा उच्चार न करता मरणानंतरचा काळ उभा राहतो. आणि ‘ठेवणं’ हे आपलं सहायक क्रियापद इथे फार मोलाचं आहे. सांगून ठेवलं, करून ठेवलं, लिहून ठेवलं: काम आज झालं, उपयोग पुढे होणार. जिवंत माणसाच्या ‘बिक्वीद’चा काळ हुबेहूब हाच आहे. माणूस गेल्यावर मात्र क्रियापद बदलतं. मग आपण म्हणतो, ‘ती पुस्तकं तो मला देऊन गेला’, ‘घर भाचीला ठेवून गेला’. इंग्रजीत दोन्हीकडे ‘बिक्वीद्ड’ चालून जातं, मराठीत मृत्यूच्या अलीकडे ‘ठेवणं’ आणि पलीकडे ‘जाणं’. माणूस हयात आहे की नाही हे इंग्रजी वाक्यात दडलेलं असतं, म्हणून ते आधी शोधायचं आणि मगच लिहायला घ्यायचं.

खुद्द मृत्युपत्राच्या मजकुरात आणखी एक अडचण येते. तिथे इंग्रजी वाक्य साध्या वर्तमानकाळात असतं: ‘आय बिक्वीद...’ त्याचं ‘मी देत आहे’ असं केलं की ते बक्षीसपत्रासारखं वाचलं जातं. मी तिथे ‘माझ्या मृत्यूनंतर अमुक वस्तू अमक्यास मिळावी’ असं लिहिते. ‘मी या मृत्युपत्राद्वारे देतो’ हेही चालतं, पण ‘या मृत्युपत्राद्वारे’ हे शब्द गाळायचे नाहीत.

आता शब्दाचं मूळ. ते सांगितल्याशिवाय मला राहवत नाही, कारण या क्रियापदाचा स्वभाव तिथेच कळतो. जुन्या इंग्रजीत ‘क्वेदन’ म्हणजे म्हणणं, बोलणं. त्याला ‘बे’ हा उपसर्ग लागून ‘बेक्वेदन’ झालं: एखाद्या गोष्टीविषयी बोलणं, जाहीर करणं. जुन्या कवितांत दिसणारं ‘क्वोथ ही’, म्हणजे ‘तो म्हणाला’, हे याच घराण्यातलं. त्याच मुळातून आलेलं ‘क्विदे’ हे नाम ‘बोल’ या अर्थाने यायचं आणि मृत्युपत्र या अर्थानेही. अँग्लो-सॅक्सन काळात माणूस साक्षीदारांसमोर तोंडाने सांगून जायचा, की ही तलवार याची, ती गाय त्याची. सांगणं हेच देणं होतं. कागदावर काही लिहिलं गेलं, तरी ते त्या बोलण्याचा पुरावा म्हणून.

पुढे इंग्लंडच्या कायद्याने तोंडी मृत्युपत्राला हळूहळू दार बंद केलं. 1677च्या कायद्याने त्यावर कडक अटी घातल्या आणि 1837च्या विल्स ॲक्टने प्रत्यक्ष लष्करी सेवेतले सैनिक व समुद्रावरचे खलाशी वगळता सगळ्यांना लेखी मृत्युपत्र, सही आणि दोन साक्षीदार सक्तीचे केले. शब्द तेवढा बोलण्याचाच राहिला. आजही इंग्रजी कायद्याच्या भाषेत मृत्युपत्र ‘बोलतं’, आणि मालमत्तेपुरतं ते मृत्यूच्या क्षणापासून बोलतं. 1837च्या कायद्याच्या कलम 24 मध्ये हेच क्रियापद आहे. आपल्याकडचा ‘इच्छापत्र’ हा शब्द इंग्रजी ‘विल’ला चपखल बसतो, कारण दोन्हींत इच्छा आहे. ‘बिक्वीद’मधलं बोलणं मात्र मराठीत ‘सांगून जाणं’ याच प्रयोगात उतरतं, आणि कायद्याचा कागद सोडून इतर लेखनात मी तो मनापासून वापरते.

पुस्तकात तुम्हाला एक नियम भेटेल: जंगम मालमत्ता असेल तर ‘बिक्वीद’, जमीन किंवा घर असेल तर ‘डिव्हाइज’. हा नियम खरा आहे, पण जुन्या कायदेशीर इंग्रजीपुरता. जमीन आणि बाकीची मालमत्ता यांचे कायदे वेगळे होते, म्हणून क्रियापदंही वेगळी. ‘डिव्हाइज’ फ्रेंचमधून आलं, त्याच्या मुळाशी वाटणीचा अर्थ आहे. प्रत्यक्ष मृत्युपत्रांत मात्र लोक सगळी क्रियापदं एकापुढे एक लावून मोकळे व्हायचे.

याचा उत्तम नमुना म्हणजे शेक्सपिअरचं मृत्युपत्र. तारीख 25 मार्च 1616, आणि 23 एप्रिलला तो वारला. स्ट्रॅटफर्डमधलं ‘न्यू प्लेस’ हे मोठं घर थोरली मुलगी सुझॅना हिला देताना एकाच वाक्यात ‘गिव्ह, विल, बिक्वीद अँड डिव्हाइज’ अशी चार क्रियापदं येतात. गावातल्या गरिबांना 10 पौंड देताना ‘गिव्ह अँड बिक्वीद’. धाकटी मुलगी ज्युडिथ हिला मुलामा दिलेलं चांदीचं रुंद पात्र देतानाही ‘गिव्ह अँड बिक्वीद’. आणि दोन ओळींच्या मधे मागाहून घातलेलं ते प्रसिद्ध वाक्य, बायकोला दुसऱ्या क्रमांकाचा पलंग, तिथे मात्र नुसतं ‘गिव्ह’. घर आलं तेव्हा ‘डिव्हाइज’ हजर झालं, पण ‘बिक्वीद’ही त्याच्या शेजारी आहेच. तेव्हा ‘घर’ आणि ‘बिक्वीद’ एका वाक्यात दिसलं म्हणून तुमचं मूळ वाक्य चुकीचं ठरत नाही. आजचे वकील तर साधं ‘आय गिव्ह’ पुरेसं मानतात, आणि अमेरिकेतल्या ‘युनिफॉर्म प्रोबेट कोड’ या मृत्युपत्रांविषयीच्या नमुना कायद्यात सगळ्या मालमत्तेला मिळून ‘डिव्हाइज’ हा एकच शब्द घेतला आहे. मराठी करताना जंगम-स्थावर हा भेद क्रियापदात आणायची गरज नाही. वस्तूचं नाव तो सांगतंच.

त्या पलंगाच्या वाक्यात ‘विथ द फर्निचर’ असे शब्द आहेत. त्या काळी पलंगाचं ‘फर्निचर’ म्हणजे त्याची गादी, पांघरुणं, पडदे. खुर्च्या-टेबलं नव्हेत. जुनं मृत्युपत्र हाती आलं की असा प्रत्येक ओळखीचा शब्द थांबून तपासावा.

वाक्यरचनेचं फार काही नाही. वस्तू आधी आली तर घेणाऱ्यापुढे ‘टु’. घेणारा आधी आला तर शब्दयोगी अव्यय लागत नाही. ‘फॉर’ किंवा ‘ऑन’ लावायचं नाही. कर्ता नेहमी देणारा. ‘माझ्या वडिलांकडून मी घर बिक्वीद केलं’ अशा अर्थाची वाक्यं मी विद्यार्थ्यांच्या वह्यांत नेहमी बघते. घेणाऱ्याच्या बाजूने ‘इनहेरिट’ म्हणायचं, किंवा ‘बिक्वीद’चा कर्मणी प्रयोग करायचा.

अटी असलेलं वाक्य मात्र कसोटी बघतं. जेम्स स्मिथसन या ब्रिटिश शास्त्रज्ञाचं 1826चं मृत्युपत्र मी शिकवताना नेहमी घेते. तो पुतण्याला काय देतो? मालमत्ता नाही, तिचं उत्पन्न, आणि तेही ‘फॉर हिज लाइफ’. हे लाइफ कुणाचं? पुतण्याचं. मराठीत ‘तहहयात’ एवढंच लिहिलं तर कुणाच्या हयातीपर्यंत हा घोळ होतो, म्हणून ‘त्याच्या हयातीपर्यंत’ असं स्पष्ट लिहावं. (इथे ‘नेफ्यू’चं पुतण्या बिनधास्त करता येतं, कारण मजकुरातच ‘माझ्या दिवंगत भावाचा मुलगा’ असं म्हटलंय.) पुढे तरतूद अशी, की पुतण्याला मूलबाळ झालं तर मालमत्ता त्यांना, मूल न होता तो वारला, किंवा झालेली मुलं ठरलेल्या अटी पूर्ण होण्याआधी गेली, तर ‘आय देन बिक्वीद’ सगळी मालमत्ता अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांना, वॉशिंग्टनमध्ये ज्ञानाची वाढ आणि प्रसार करणारी संस्था काढण्यासाठी.

या ‘देन’वर सगळं तोललेलं आहे. त्याचं ‘नंतर’ केलं तर वाटेल, आधी पुतण्याला आणि नंतर अमेरिकेला, असा ठरलेला क्रम आहे. ते ‘तसे झाल्यास’ आहे. अट घडली नसती तर अमेरिकेला काहीच मिळालं नसतं. स्मिथसन 1829 मध्ये वारला, पुतण्या 1835 मध्ये मूल नसताना गेला, आणि 1838 मध्ये एक लाखाहून अधिक सोन्याची सॉव्हरिन नाणी जहाजाने अमेरिकेत पोहोचली. 1846 मध्ये स्मिथसोनियन संस्था स्थापन झाली. ज्या देशात तो एकदाही गेला नव्हता, त्याला तो हे देऊन गेला. नातं नाही, नागरिकत्व नाही, फक्त लिहून ठेवलेला शब्द. ‘वारसाहक्काने’ हा शब्द इथे घालून बघा, किती विजोड दिसतो ते.

आणखी एक वापर सांगायलाच हवा: देहाचा. परदेशी वैद्यकीय महाविद्यालयांच्या अर्जांवर ‘बॉडी बिक्वीदल’ असा शब्द दिसतो. मराठीत त्याला ‘देहदान’ हा सुंदर, रुळलेला शब्द आहे, तोच घ्यावा. कायद्याच्या काटेकोर भाषेत मात्र गडबड आहे. मृत शरीर ही मालमत्ता नव्हे, म्हणून त्याची मृत्युपत्राने विल्हेवाट लावता येत नाही, असं इंग्लंडमधल्या कोर्टाने 1882 मध्ये ‘विल्यम्स विरुद्ध विल्यम्स’ या खटल्यात ठरवलं. त्याच्या 50 वर्षं आधी, 1832 मध्ये, तत्त्वज्ञ जेरेमी बेंथम आपला देह विच्छेदनासाठी एका डॉक्टर मित्राकडे सोपवावा असं मृत्युपत्रात सांगून गेला होता. त्याचा कपडे घातलेला सांगाडा आजही लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात जपलेला आहे. त्याची इच्छा पाळली गेली, पण ती पाळणाऱ्यांच्या निष्ठेमुळे. देहदानाच्या कागदांत ‘मृत्युपत्राने देणे’ असं मी कधीच लिहीत नाही, ते याच कारणाने. ‘देहदान करण्याची इच्छा नोंदवणे’ हे तिथे खरं वर्णन आहे. मध्ययुगीन मृत्युपत्रांत तर माणसं आपला आत्मा देवाला आणि देह मातीला ‘बिक्वीद’ करत. तिथे अर्थ ‘सोपवणं’, आणि मराठीतही ‘स्वाधीन करणं’ हेच शोभतं.

लाक्षणिक वापरात मृत्युपत्र गळून पडतं, ‘मागे ठेवून जाणं’ राहतं. एखाद्या पिढीने पुढच्या पिढीला ग्रंथालयं ‘बिक्वीद’ केली, असं वाक्य असेल तर इथे ‘वारसा’ खुशाल वापरा: ‘ग्रंथालयांचा वारसा दिला’. मी वर त्या शब्दाला विरोध केला तो कायद्याच्या संदर्भात. संस्कृतीच्या संदर्भात तोच सगळ्यात चांगला. पण इंग्रजीत वाईट गोष्टीही ‘बिक्वीद’ होतात: मावळत्या सरकारने नव्या सरकारला कर्ज ‘बिक्वीद’ केलं. त्याला ‘कर्जाचा वारसा दिला’ म्हणणं मला कृत्रिम वाटतं. ‘जाताना कर्जाचा डोंगर मागे ठेवला’ किंवा ‘कर्ज नव्या सरकारच्या माथी आलं’ हे मराठी झालं. माणूस मेलेलाच हवा असं या वापरात नसतं, त्याची पाळी संपलेली असली की पुरे.

‘लीव्ह’ हा याच कामाचा रोजचा शब्द आहे. बोलताना इंग्रज माणूस ‘बिक्वीद’ क्वचितच वापरेल. ‘हँड डाउन’मध्ये कागद नसतो, पिढ्यांचा हात असतो. ‘एन्डाउ’ म्हणजे एखाद्या कामासाठी कायमचा निधी बांधून देणं, मग ते हयातीत असो की मृत्युपत्राने.

उच्चारही एकदा ऐकून घ्या, कारण स्पेलिंग बघून पुष्कळ जण ‘बिक्वेथ’ म्हणतात. क्रियापदात ‘ई’ दीर्घ आहे: बिक्वीद, ‘ब्रीद’सारखं. शेवटी ‘थ’ म्हणणारेही बरेच आहेत, तेही बरोबर. नाम मात्र ‘बिक्वेस्ट’, ऱ्हस्व ‘ए’चं. त्याचं मराठी ‘मृत्युपत्राने दिलेली मालमत्ता’ किंवा ‘मृत्युपत्रातील देणगी’. घेणाऱ्याला ‘वारस’ म्हणू नका, ‘लाभार्थी’ म्हणा.

तुमच्या वाक्याकडे परत येते. तो काका की मामा, हे आधी विचारून घ्या. काका निघाला आणि तो वारलेला असेल, तर ‘त्याने मृत्युपत्राने घर पुतणीला दिलं’ असं लिहा. कथेतलं वाक्य असेल तर ‘तो घर पुतणीला ठेवून गेला’. हयात असेल, तर ‘आपल्या मागे घर पुतणीला मिळावं, असं त्याने मृत्युपत्रात लिहून ठेवलं आहे’.